गच्ची पाणी पीत नाही

"स्लॅब वाचवायला इंजिनिअर लागत नाही, डोकं लागतं!" मुकुंदराव गरजले.

कारणही तसंच होतं. उणकल गावातल्या त्यांच्या घराच्या छताचा बशीएवढा तुकडा सकाळी धाडकन त्यांच्या उशीवर पडला होता. डोकं नशिबानं तेव्हा बाथरूममध्ये होतं!

गुन्हेगार उघड होता. थोरली बहीण कुसुमावतीअक्का घरगुती लोणची विकायची आणि कैऱ्यांचं मीठपाणी बिनदिक्कत गच्चीवर ओतायची.

"अक्का, ते मीठ मुरतं! आतल्या सळ्या गंजून फुगतात, काँक्रीट फोडतात!"

"अय्यो मुकुंदा, लोणचं मुरतं हे ऐकलंय. घर कसं मुरेल?"

थोरल्या बहिणीपुढं बोलणार काय? मुकुंदराव दात-ओठ खात सुभाष रोडच्या बाजारात गेले. दुकानदार श्रीनिधीनं पाणी झिडकारणारं रसायन दिलं. "सर, हे मारलं की थेंब मुरणार नाही."

पुढं दोन दिवस मुकुंदरावांनी गच्ची घासली, वाळवली आणि तिला स्वतः ब्रशनं रसायन पाजलं. वर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. अळवाच्या पानावरचे मोतीच जणू!

"अगं ये, बघ!" त्यांनी हाक मारली. बायको हेमावतीबाई काही वर आल्या नाहीत.

गुरुवारी अक्कानं मीठपाण्याचं पिंप उपडं केलं. एरवी निम्मं पाणी गच्चीच प्यायची. आज तिनं तोंड मिटलेलं! गवंड्यानं उतार दिला होता जिन्याकडं आणि जिन्याच्या दाराला उंबरठाच नव्हता. कैऱ्यांचं पाणी पायरी-पायरीनं पाहुण्यासारखं थेट हॉलमध्ये उतरलं.

"अहो! घरात समुद्र आला!" हेमावतीबाई किंचाळल्या.

"याला म्हणतात फसवणूक!" संतापून मुकुंदरावांनी श्रीनिधीला फोन लावला. "घर बुडवलंत माझं! ग्राहक न्यायालयात खेचतो!"

"सर, गच्चीत पाणी मुरलं का?"

"एक थेंब नाही!"

"छताला ओल?"

"अजिबात नाही!"

"मग सर," श्रीनिधी अदबीनं म्हणाला, "तक्रार काय म्हणून लिहून घेऊ?"

मुकुंदरावांनी फोन ठेवला. वरून अक्काचा आनंदी आवाज आला, "मुकुंदा, झकास काम केलंस रे! आणखी दोन पिंपं आहेत, ओतते हं!"

हेमावतीबाईंनी नवऱ्याच्या रिकाम्या हातात फरशी पुसायचं फडकं दिलं.