बंद दाराचं उद्घाटन

आमच्या शेजारचे लोखंडे मामा घरातला कुठलाही दिवा लावण्याआधी मोठ्यानं विचारतात, "आत कोण हाय का?" एकदा नाही, तीनदा. घरात ते एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. म्हणजे आत कोणी नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? तरीही स्वतःच्या मोरीच्या दारात उभं राहून तीन हाका, मग थोडं थांबणं, आणि मगच बटण. विश्रामबागेत त्यांची आणि आमची भिंत एकच आहे. रोज दिवेलागणीला ही चौकशी ऐकताना माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि डाळीचं पिठलं होतं.

मी पी.टी.ची शिक्षिका. सगळी नोकरी मैदानावर गेल्यामुळे माझा आवाज आणि पारा दोन्ही कायम चढलेले असतात. पहिल्या वर्षी मी भिंतीवर थाप मारून मामांना ओरडून सांगितलं होतं, की आत कोणी नाही, लावा एकदाचा तो दिवा. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "बाई, खात्री केल्याली बरी."

ही खात्री मिरजेची. मामा तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची साफसफाई बघत होते. दवाखान्यात अशा माणसाला सगळे मामा म्हणतात, आणि तो रिटायर झाला तरी मामाच राहतो. ऑपरेशनच्या आधी खोली पुसून झाली की ते तिथल्या अल्ट्राव्हायोलेटच्या नळ्या लावायचे. त्या निळसर उजेडानं जंतू मरतात. पण जंतू कुठला आणि माणूस कुठला हे त्या उजेडाला कळत नाही, त्यामुळे आत कोणी राहता कामा नये. म्हणून तीन हाका, मग दाराला कुलूप, दारावर पाटी आणि किल्ली मामांच्या खिशात. बटणही बाहेरच्या बाजूला. नोकरी सुटली, पण हाका काही सुटल्या नाहीत.

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे, "अगोदर फडकं, मग उजेड." धूळ, घाम, रक्त यांच्याखाली लपलेल्या जंतूपर्यंत हा उजेड पोचत नाही, सावलीतल्या जंतूला तर लागतच नाही, म्हणून आधी पुसून घ्यायचं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण मामा ते कशालाही लावतात. सोसायटीनं फाटकापाशी झगझगीत दिवे बसवले, तेव्हा खालच्या कचऱ्याच्या ढिगाकडे बोट करून त्यांनी ते चेअरमनना ऐकवलं. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये निळ्या दिव्याची एक पेटी आहे. न्हावी त्यात कात्री-कंगवे ठेवतो आणि गिऱ्हाइकांवर छाप पाडतो. मामांनी ती उघडली, कंगव्यात अडकलेला केसांचा पुंजका बाहेर काढला आणि हातात धरून दुकानभर फिरवला. तेव्हापासून ते केस कापायला मिरजेला जातात. जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडतो, पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नाही.

अशा माणसाला मी कबड्डीच्या स्पर्धेला का नेलं? मी नेलं नाही. ते आले.

त्याचं असं झालं. आदल्या वर्षीच्या स्पर्धेतून माझ्या निम्म्या पोरी गजकर्ण घेऊन परतल्या. मॅटवर घाम, लाळ, कधी कोपर फुटल्याचं रक्त, आणि पुसायला तीन दिवसांत एक ओला झाडू. एका पोरीच्या आईनं मला सरळ सांगितलं, की अंगावर चकंदळं उठवणारा खेळ आम्हाला नको. चांगली पकड करणारी मुलगी संघातून गेली. मी संयोजकांना पत्रांवर पत्रं लिहिली, बैठकीत टेबल आपटलं, तेव्हा कुठे यंदा मॅट निर्जंतुक करायचं मशीन आलं. चाकांवरचा एक खांब आणि त्याला चारी बाजूंनी नळ्या. मी मोठ्या अभिमानानं ही बातमी भिंतीपलीकडे सांगितली. अंतिम सामन्याच्या सकाळी मामा धुतलेला सदरा घालून आमच्या दारात उभे. म्हणाले, "चला बाई. बगून येतो."

सामना आमचा आणि साताऱ्याच्या मुलींचा. मी मूळची साताऱ्याकडच्या लोणंदची, त्यामुळे साताऱ्याकडून हरले तर माहेरचे वर्षभर टोमणे मारणार. सहा वर्षांनी आमचा संघ अंतिम फेरीत पोचला होता. डोक्यात दुसरं काही नव्हतं.

हॉलमध्ये पोचलो तर मशीन मॅटच्या मधोमध. हळद-कुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेलं. आपल्याकडे कुठलीही वस्तू वापरण्याआधी तिचं उद्घाटन व्हावं लागतं. साबणाचं होत नाही हेच नशीब. कार्यक्रम असा ठरला होता, की प्रमुख पाहुणे बटण दाबणार, निळा उजेड पडणार, आणि फोटो चांगला यावा म्हणून दोन्ही संघांच्या मुली मशीनभोवती मांडी घालून बसणार. पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत उजेड चालू. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आता लिहिताना माझी मला चीड येते.

मामा मशीनभोवती फिरले. मग वाकून नखानं काहीतरी खरवडायला लागले. ते देणगीदाराचं तोंड होतं. मशीनच्या अंगावर देणगीदाराचा हसरा फोटो चिकटवला होता, खाली ठळक अक्षरांत 'सौजन्य'. मामांनी तो एका कानापासून सोलत नेला. खाली पिवळा त्रिकोण आणि चालू असताना खोलीत थांबू नये, डोळे आणि कातडी सांभाळा, अशी सूचना निघाली. कारखान्यानं लावलेली सूचना आमच्या माणसांनी झाकली होती, कारण फोटोला तीच जागा सपाट सापडली.

तेवढ्यात कार्यवाह धावत आले. हे गृहस्थ छातीवर बशीएवढा बिल्ला लावून फिरत होते. देणगीदारांचा अपमान केल्याबद्दल त्यांनी मामांना झापायला सुरुवात केली. मामा ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष खांबाच्या डोक्याकडे होतं. तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ही कशाला, असं त्यांनी विचारलं. कार्यवाह म्हणाले, मशीनमध्ये बिघाड आहे, काल चाचणी घेताना कोणी जवळ गेलं की आपोआप बंद पडत होतं, म्हणून वायरमननं पट्टी लावून दुरुस्त केलं.

मामांनी डोक्याला हात लावला. "आवं सायेब, त्यो बिघाड न्हवं. माणूस दिसला की बंद पडायचा त्याचा डोळा हाय त्यो. मशिनीला कळतंय, तुमाला कळंना."

मग मामांनी एकच गोष्ट केली. प्लग काढला, वायर गोळा केली आणि ती मांडीखाली घेऊन मॅटशेजारी बसले.

पुढचा तास मी जन्मात विसरणार नाही. पाहुणे यायला उशीर होता, तो नेहमीचाच. पण उशिराचं सगळं खापर मामांवर फुटलं. स्वयंसेवक त्यांना उठवायला आले, तेव्हा मामांनी जवळची खुर्ची घट्ट धरली आणि खुर्चीसकट फरफटले, पण वायर सोडली नाही. पोरी खिदळत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी कार्यवाह माझ्याकडे आले. हा माणूस तुमच्याबरोबर आलाय, पाहुणे यायच्या आत तो उठला नाही तर तुमचा संघ बाद, असं त्यांनी मला माझ्या मुलींसमोर सांगितलं.

मी मामांवर ओरडले. सहा वर्षांची मेहनत, पोरींची सकाळी पाचची प्रॅक्टिस, मशीनसाठी मी केलेली भांडणं, सगळं त्यांच्या अंगावर ओतलं. दवाखान्यातला हेका इथे चालणार नाही, असंही म्हणाले.

मामांचा आवाज मुळीच चढला नाही. "तुमच्याच पोरी म्होरं बसनार हायत बाई. वेल्डिंग बगितल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यावानी हुतंय, तसं हुईल. लगीच न्हाई. चार-पाच तासांनी. तवर पाव्हनं घरी गेल्यालं असत्यात. तुमी उठ म्हणत असाल तर उठतो."

मी हॉलभर नजर फिरवली. कोपऱ्यात वायरमन उभा होता. भर हॉलमध्ये काळा चष्मा. मी जाऊन त्याला चष्मा काढायला लावला. डोळे लालबुंद, पापण्या सुजलेल्या, गालांवर उन्हानं भाजल्यासारखा रंग. म्हणाला, "काल चाचणी झाली आन सांजंपासनं लय चुरचुरायला लागलंय मॅडम. डोळ्यांची साथ आली असंल."

तिथे माझा राग वळला. मी शिट्टी तोंडात घातली आणि अशी फुंकली, की स्टेजवरच्या माइकनंही किंकाळी फोडली. माझ्या बाराही मुलींना बाहेर काढलं. साताऱ्याच्या मॅडमना वायरमनचे डोळे दाखवले, त्यांनीही आपल्या मुली उठवल्या. कार्यवाहांना म्हटलं, करा बाद. दोन्ही संघ बाद करा आणि पाहुण्यांना तुमच्याशी कबड्डी खेळायला लावा.

कार्यवाह एकदम मऊ झाले. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली होती, आणि उद्घाटन तर व्हायलाच हवं. तेव्हा मामांनी तोडगा काढला, म्हणजे हुकूमच सोडला. पाहुण्यांना बाहेर चहाला बसवून आधी आम्ही सगळ्यांनी मॅट जंतुनाशकाच्या पाण्यानं पुसली, मग कोरडी केली. कार्यवाहांच्या हातातही फडकं आलं. मशीनच्या डोळ्यावरची पट्टी निघाली, हार निघाला. वायर दाराखालून बाहेर व्हरांड्यातल्या प्लगपर्यंत आली. दाराला छोटी काच होती, तिच्यावर मामांनी देणगीदाराचा सोललेला फोटो लावला आणि म्हणाले, "हितं शोभतोय." मग हॉलच्या मधोमध उभं राहून घसा ताणून तीन हाका मारल्या. स्टेजच्या पडद्यामागून, खरं सांगते, वडापाव खात बसलेला सनईवाला बाहेर आला. एवढ्या गोंधळात त्याची कुणाला आठवणही राहिली नव्हती. सगळी दारं बंद झाली आणि किल्ल्या मामांच्या खिशात गेल्या.

पाहुण्यांनी व्हरांड्यात उभं राहून बटण दाबलं. समोर बंद दार. आत काय चाललंय ते कुणालाही दिसत नव्हतं. सनई वाजली, आम्ही बंद दाराकडे बघून टाळ्या वाजवल्या, आणि पाहुणे बंद दारासमोर विज्ञानावर बोलले. एका जागेवरून सगळी मॅट होत नाही म्हणून मामांनी मशीन बंद करून, आत जाऊन, ते दोनदा सरकवलं. दर वेळी परत तीन हाका. शेवटी खिडक्या उघडून हवा खेळवली आणि मगच मुलींना आत सोडलं.

सामना आम्ही दोन गुणांनी हरलो.

इतका वेळ व्हरांड्यात बसून पोरींचं अंग थंड पडलं होतं, त्यात दोघींनी सनईवाल्याचे वडापाव खाल्ले. शेवटच्या चढाईत आमची आठ नंबर मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पकडली गेली. घरी परतताना रिक्षात मी मामांशी एक अक्षर बोलले नाही. पोरींचे डोळे शाबूत आहेत, हे मला समजत होतं. पण हरल्याचा राग कुणावर तरी काढायचा असतो, आणि मामा हाताशी होते. तोंड फिरवून मी दुकानांच्या पाट्या वाचत बसले.

कॉलेज कॉर्नर गेल्यावर मामांनी विचारलं, "ती आठ नंबरची. शेवटाला पडली आन उठून पुन्ना उभी ऱ्हायली. तिचं नाव काय वं?"

मी तुटकपणे सांगितलं, ऐश्वर्या.

"ऐश्वर्या," मामा म्हणाले. मला वाटलं विषय संपला. "एकतीस वर्षं खोल्या केल्या बाई मी. पेशंट यायच्या आत माझं काम सपायचं, आन मी परत आत जायचो ती खोली मोकळी झाल्यावर. माणसं झोपून यायची, झोपूनच जायची. कोन बरं झालं, कोन न्हाई, मला काय बी ठावं न्हाई. मी खोली ज्याच्यासाठी केली त्याला पळताना आज पयल्यांदा बगितलं."

ते रस्त्याकडे बघत होते. हातातल्या रुमालाची त्यांनी नीट चौकोनी घडी घातली. मला माझी लाज वाटली. सामना संपल्यावर मी पराभवाच्या कारणांची उजळणी करत होते, आणि त्या वेळी हा माणूस मॅटच्या कडेला उभा राहून काय बघत होता, ते मला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मग मी त्यांना बाकीच्या मुलींची नावं सांगायला लागले. आधी खेळलेल्यांची, मग राखीव बसलेल्यांचीही. मामा एकेक नाव ऐकत होते आणि एकदा आपल्या तोंडानं म्हणून बघत होते. रिक्षा आमच्या दाराशी थांबली तेव्हा दोन नावं राहिली होती. रिक्षावाल्याला थांबायला सांगून मी तीही सांगितली.