शिवलेला मासा

मास्तरांनी मासा शिवायला घेतला तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते.

हो, शिवायलाच! मासा साफ करतात, शिजवतात, खातात, एवढं मास्तरांनाही ठाऊक होतं. पण मास्तर पडले शिंपी. समोर अख्खा मासा, त्याच्या पोटात टोमॅटो, मक्याचे कोवळे दाणे, लसूण आणि लिंबाच्या चकत्या ठासून भरलेल्या, आणि उचलायला जावं तर सगळा ऐवज बदाबदा ओट्यावर. दुसरा कुणी असता तर त्याने कपाळावर हात मारला असता. मास्तरांनी सुईत दोरा ओवला. तोही माशाच्या अंगाला शोभेल असा करडा, चार रिळं लावून बघून.

"बघा हं बाईसाहेब, कशी टीप घालतो ते!"

बाईसाहेब म्हणजे खिडकीपाशी उभी असलेली, कपडे चढवून बघायची बाहुली. तिला डोकं नव्हतं, हात नव्हते, पण गेली दोन वर्षं मास्तरांचं सगळं बोलणं ऐकून घेणारी ती एकटीच होती. पुढे दुकान, मागे स्वयंपाकाची खोली, आणि मधल्या दारातून दिसणाऱ्या बाईसाहेब, एवढाच मास्तरांचा संसार. "तुमच्यासारखं माणूस नाही," मास्तर तिला म्हणत. आणि ते अगदी खरं होतं!

आज लेक येणार होती. दोन वर्षांनी. परगावच्या कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा ती नाचतच सांगायला आली होती, "बाबा, तिथे एकेक विभाग दिवसाला चारशे शर्ट शिवतो!" मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले होते, "ते शिवणं नव्हे. ते डकवणं." लेकीने बॅग भरली. तेव्हापासून उरला रविवारचा फोन.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"बरं."

"बरं."

लहानपणापासून "ए बाबा" म्हणणारी पोर आता "तुम्ही" म्हणायची. आणि मास्तर "जेवलो" म्हणायचे, तेव्हा पोटात बहुतेक वेळा चहात बुडवलेली तीन बिस्किटं असायची.

या रविवारी मात्र फोन दोन वाक्यांनी लांबला. "उद्या कामासाठी तिकडे येतेय. साडेपाचला पोचेन, साडेसातची बस आहे. जेवूनच निघेन, साधंच करा काहीतरी." फोन ठेवल्यावर मास्तर तिथेच उभे राहिले. साधंच म्हणजे काय, हे बाईसाहेबांनाही सांगता येईना. शेवटी आज सकाळी त्यांनी बाजारात मासळीवाल्या मावशींनाच विचारलं.

"किती माणसांचं करायचंय?"

"दोन."

"दोन?" मावशींनी सुरी खाली ठेवली. "मग अख्खाच न्या. पोटात टोमॅटो भरा, मका भरा, झाकण ठेवा आणि विसरून जा. कुणालाही जमतं हो, मास्तर."

त्या 'कुणालाही'च्या भरवशावर मास्तर आता शेवटच्या टाक्याला आले होते. गाठ मारली. सवयीने दोरा दाताने तोडायला तोंड खाली नेलं आणि माशाशी नजरानजर झाल्यावर घाईने वर घेतलं. कात्री शोधली, दोरा कापला, मासा रुंद पातेल्यात निजवला, झाकण ठेवलं. थोड्याच वेळात असा काही वास सुटला की मास्तरांना स्वतःचंच घर ओळखू येईना.

हात धुऊन, अंगातलाच शर्ट नीटनेटका करून मास्तरांनी दोन ताटं मांडली. मग सव्वापाचला त्यांनी नेहमीप्रमाणे सुया मोजल्या.

हा मास्तरांचा नियम. टोचणीच्या उशीवर अकरा सुया. दुकान बंद करताना अकराच्या अकरा मोजायच्या, त्याशिवाय दिवा मालवायचा नाही. गिऱ्हाइकाच्या कपड्यात सुई राहिली आणि ती टोचली, की शिंप्याची अब्रू गेली! चौतीस वर्षांत मास्तरांची एकही सुई हरवली नव्हती.

आज भरल्या दहा.

पुन्हा मोजल्या. दहा. उलट्या बाजूने मोजल्या. दहाच! मास्तरांनी सावकाश मान वळवून पातेल्याकडे पाहिलं. पातेलं निवांत रटरटत होतं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात लेक, खांद्यावर बॅग, जरा वाळलेली, जरा ताठ. प्रवास कसा झाला, तब्येत कशी आहे, असलं सगळं मास्तरांनी रात्रभर घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं, "सुई हरवली!"

"कुठे?"

"माशात."

दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर हसली असती. या मुलीने बॅग खाली टाकली, बाह्या वर केल्या आणि हुकूम सोडला, "गॅस बंद! कुणी काही हलवू नका!" हलवायला होतं कोण? मास्तर आणि बाईसाहेब दोघंही जागच्या जागी खिळले. "बाबा, मी कारखान्यात हेच करते. सुईतपासणी. एक सुई हरवली की सगळी मशीनं बंद. तिचा शेवटचा तुकडा सापडेपर्यंत माल दाराबाहेर जात नाही."

"असा नियम आहे तुमच्यात?"

"मग! कुणाला टोचली म्हणजे?"

मास्तर बघतच राहिले. चारशे शर्ट डकवणाऱ्यांचाही असा नियम असतो, हे त्यांच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

"मास्तर, तुमच्याकडे काही जळतंय का?" शेजारचे रेडिओ दुरुस्त करणारे काका दारातून डोकावले. "दोन वर्षांत इथून वास म्हणून आला नाही, मी घाबरलोच!"

"काका, लोहचुंबक आहे?" लेक म्हणाली.

काका धावत जाऊन भोंग्यातलं, बशीएवढं लोहचुंबक घेऊन आले. त्याने आधी झाकण उचललं, मग सांडशी, मग स्टीलचं ताट. माशापाशी नेलं तर ते पातेल्याच्या कडेला असं काही चिकटलं की तिघांनी ओढून काढलं, आणि त्या ओढाताणीत अर्धा रस्सा काकांच्या विजारीवर!

"हे नाही चालायचं. उसवावा लागेल," लेक म्हणाली. मासा ताटात घेऊन तिने पुढून बघितला, मागून बघितला, आडवा केला, उभा केला. "शिवण कुठेय?"

"पोटाला."

"पोटालाच बघतेय."

काकांनी नाकावरचा चष्मा सारखा केला. "मास्तर, हा जन्मल्यापासून असाच असणार. तुम्ही शिवलाय म्हणून वाटतच नाही."

"ही टीप आमच्या एकाही मशीनला जमणार नाही," लेक पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. सुरी द्या."

मास्तरांनी सुरी दिली, पण ऐकायचं ते ऐकलं होतं!

त्यानंतर त्या माशाचं जे झालं ते बघवत नव्हतं. लेकीने त्याचा तुकडा तुकडा बोटांनी चाचपला. मास्तरांनी मक्याचा दाणा न् दाणा वेगळा केला. काकांकडे टोमॅटोच्या साली आल्या. काटे निघाले, सत्तावीस. सुई नाही. सात वाजले.

"बाबा, शर्टाला नाही ना खोचलीत?"

"छे! पाच वर्षांची होतीस तेव्हा धावत येऊन बिलगलीस आणि गालाला टोचली होती. त्या दिवशी ती सवय सोडली. ही टोचणीची उशी त्याच संध्याकाळी शिवली मी."

"मग डब्यात पडली असेल एखाद्या," म्हणत लेकीने फळीवरचे डबे उघडायला सुरुवात केली. पहिल्यात बिस्किटं. दुसऱ्यात बिस्किटं. तिसऱ्यात चहा. चौथ्यात पुन्हा बिस्किटं, खारी.

"तांदूळ कुठेयत?"

मास्तर मक्याच्या दाण्यांत फार गुंतले.

"बाबा. दर रविवारी तुम्ही जेवलो म्हणता."

"जेवतोच की," मास्तर हळूच म्हणाले. "चांगला बसून जेवतो."

काकांना एकदम आपली विजार बदलायची आठवण झाली आणि ते निघून गेले. ताटात माशाचा भुगा झाला होता, थंड आणि तरीही छान वासाचा, आणि त्याला हात लावायची दोघांचीही छाती नव्हती. नियम म्हणजे नियम. याबाबतीत बापलेकीचं दोन वर्षांत पहिल्यांदाच एकमत होतं, आणि त्यापायी दोघंही उपाशी!

सव्वासात झाले. लेकीने बॅग उचलली. मास्तरांनी बिस्किटांचा एक पुडा तिच्या हातात ठेवला. दुसरं द्यायला होतं काय?

"येते मी."

"बरं."

"बरं," ती म्हणाली. उंबऱ्यापर्यंत गेली, पुड्याकडे बघितलं, आणि काय झालं कोण जाणे, गर्रकन वळून पाच वर्षांच्या पोरीसारखी धावत येऊन बापाला बिलगली.

"आई गं! बाबा, तुझी सुई!"

मास्तरांच्या कॉलरखाली, बोटभर करड्या दोऱ्यासकट, अकरावी सुई ऐटीत चमकत होती. मासा सोडून कात्री घेताना हाताने वीस वर्षांपूर्वीची जागा बरोब्बर शोधली होती!

लेक गाल चोळत हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले, सुई उशीवर खोचली, बॅग कोपऱ्यात भिरकावली आणि ताटावर बसून फर्मावलं, "माल पास! वाढ आता."

"आणि बस?"

"सकाळी आहे की दुसरी."

मासा खारट झाला होता. मास्तर कापडात नेहमी इंचभर जास्त ठेवायचे, तसंच मिठाचंही केलं होतं. लेकीने दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं. मास्तर दिवसभर मशीनवर बसले, बाईसाहेबांशीही फारसं बोलले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करायला सुया मोजल्या.

दहा!

आधी कॉलर चाचपली. मग बाह्या, मग पातेलं. आणि फोन वाजला. वार तर मंगळवार होता.

"मोजल्यास?" लेक विचारत होती.

"दहाच भरतायत गं!"

"अकरावी माझ्या पर्समध्ये आहे. रविवारी आणून देते. तोवर तांदूळ आणून ठेव."

मास्तरांनी फोन ठेवला. दिवा मालवायला हात वर केला, पुन्हा एकदा सुया मोजल्या, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा दहा सुयांवर दुकान बंद केलं.