उपग्रहातून दिसलेली दरी

कागदावर डोंगर, दरी, ओढा काहीही दाखवा, नुसत्या छायेवरून ओळखून देईन, असे मी १९७६ साली चारचौघांत सांगत असे. तंत्रनिकेतनाची पदविका आणि पाटबंधाऱ्याच्या कामावरची तीस वर्षे पाठीशी असल्यावर नम्रतेला जागा उरते कुठे!

दिवाळीच्या पाडव्याला भाचा मानसिंग कराडला आमच्याकडे आला. तो पुण्यात भूजलाच्या कचेरीत नकाशे काढी. त्याने उपग्रहाने टिपलेली काळीपांढरी चित्रे आणली होती. नावे छापलेला काठ वर्तमानपत्राने झाकायचा आणि मी ओळखायचे, असा खेळ सुरू झाला.

"मामा, ही काळी रेघ?"

"कृष्णा! आणि ही मिळाली ती कोयना. अरे, काही अवघड आण!"

त्याने तिसरे चित्र ठेवले. वैद्याने जीभ तपासावी तसे मी ते भिंगातून तपासले.

"दरी! खोल आणि अरुंद. तळाशी पाणी असणारच!"

समोर बसून शेंगा फोडणारी माझी पत्नी रंगुबाई वाकून पाहू लागली.

"आवं, दरी कुठली? डोंगराची सोंड हाय ही! ह्यो तलाव, ह्यो वढा... जतकडचं आमचं रान न्हवं का? हितं मी मेंढरं राखलीती!"

मानसिंगने काठ उघडला. "व्हय मामी, जतच!"

"गाव जत असेल," मी म्हणालो, "पण ही दरीच!"

"मामा, चित्र जरा फिर..."

"मानसिंग, चकली खा गप!" रंगुबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तीन वर्सं भाऊबीज न्हाई. अर्जुनादादा पायानं अधू, त्याला येववत न्हाई. उद्या चला, डोळ्यानं बगा. दरी निगाली तर मी हरले!"

तीन वर्षे मी 'कामे आटोपली की जाऊ' म्हणत आलो होतो. पण आता प्रश्न शास्त्राचा होता! भल्या पहाटेच्या एस.टी.ने आम्ही तिघे निघालो.

अर्जुनाने बहिणीला पाहिले आणि फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. मला धीर नव्हता. "आधी दरी!" मी म्हणालो.

वाचकहो, त्या दरीत उतरण्यासाठी मला दोन तास चढावे लागले!

माथ्यावर मी धापा टाकत बसलो. मानसिंगने हळूच चित्र उलटे धरले. दरी डोळ्यांदेखत वर आली आणि तिची सोंड झाली! सरळ धरले की चित्रात ऊन खालून येते आणि उंचवटा खोल भासतो. समोर बसलेल्या रंगुबाईला ते उलटे, म्हणजे बरोबर, दिसले होते.

"गाढवा, मग कालच का नाही बोललास?"

मानसिंगने मामीकडे पाहिले. मामी खाली भावाच्या घराकडे पाहत होती.

"त्यो बोलला असता तर तुमी तितंच मान्य केलं असतं," ती म्हणाली, "आन् आमी ह्या वर्सी बी कराडातच बसलो असतो!"

मी उतरू लागलो. खाली अर्जुना मघापासून ओवाळून घ्यायला पाटावर बसून होता. शास्त्रीय चर्चेला आता वेळ होता कुणाला!