नात्याबाहेरचा एक माणूस

आकाराम पेंटरने बोर्ड टांगला, शिडीवरून उतरला आणि चार पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं. अनुजानेही पाहिलं. बोर्ड साडेचार फूट लांब होता आणि त्यावर लाल अक्षरांत दोनच शब्द होते : कातळ लेबल.

अनुजाने त्याला दिलेली चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवली. चिठ्ठीत ‘कातळ : स्वतंत्र रॉक म्युझिक लेबल’ असं होतं.

“व्हय, पण मावंना,” आकाराम म्हणाला. “आन् बारीक लिवून उपेग काय? मोटरसायकलवरनं जाणाऱ्याला वाचता आलं पायजे. म्हणून मधलं गाळलं. माणूस आत आल्यावर तुमी सांगालच की.”

अनुजा फिजिक्सची एम.एस्सी. होती आणि ज्युनियर कॉलेजात मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची. मोजमापात मुद्दा असेल तर ती वाद घालत नसे, आणि आकारामच्या म्हणण्यात मोजमाप होतं. तिने बोर्ड तसाच ठेवला.

लेबल म्हणजे गाणी रेकॉर्ड करून बाहेर काढणारी कंपनी, हे तिने घरात बऱ्याचदा समजावलं होतं. कंपनीकडे एक बँड होता, थ्री फेज. कृष्णात गायचा आणि गिटार वाजवायचा, बाकीचे दोघे त्याचे चुलतभाऊ. तिघेही शिरोळकडचे. नदीकाठच्या मोटरीच्या खोलीत सराव करायचे, कारण शेतीची थ्री फेज लाइट आली की मोटर सुरू होई आणि मग यांचा आवाज कुणाला जात नसे. कृष्णात आता वारणानगरला इलेक्ट्रिशियन होता, पण आवाज अजून मोटरीवरून ओरडण्याचाच होता.

त्यांच्या पहिल्या कॅसेटचं नाव ‘पूररेषा’. कॅसेट दिसायला सुंदर होती, पण ती वाजवायचं यंत्र कुणाच्याच घरी उरलं नव्हतं. म्हणून अनुजाने स्टिकर छापायचं एक लहान मशीन आणलं आणि प्रत्येक कॅसेटच्या लेबलवर कोपऱ्यात क्यूआर कोड टाकला. तो स्कॅन केला की मोबाइलवर गाणं सुरू व्हायचं.

प्रकाशनाला सतरा माणसं आली. सतराच्या सतरा नात्यातली. सर्वांनी भडंग खाल्लं, गाणं ऐकलं, आणि ते संपल्यावर थोरल्या आत्यांनी मशीन दुरुस्त झालं का म्हणून विचारलं.

त्या दिवशी अनुजाच्या वडिलांनी, गणपतरावांनी, अट घातली. कातळ लेबल ज्या खोलीत होतं, ती राजारामपुरी अकराव्या गल्लीतल्या घराची रस्त्याकडची खोली त्यांचीच होती.

“नातेवाईक काय, तू पातेलं बडवलंस तरी येत्यात,” ते म्हणाले. “पुढच्या गुढीपाडव्यापतोर नात्यात नसलेला एक माणूस गाण्यासाठी ह्या दारात आला, तर खोली तुझी. न्हायतर भाड्यानं देणार.”

“कुणाला?”

“कुणालाबी. फक्त नात्यातल्याला न्हाय.”

हा त्यांचा जुना नियम होता. पूर्वी तिथे एका मेहुण्याच्या जावयाचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्याला उठवायला अकरा वर्षं लागली, आणि तरीही दिवाळीला फराळ पाठवावा लागला.

अनुजाने अट मान्य केली. एका वर्षात एक माणूस, हे तिला अवघड वाटलं नाही.

बोर्ड लागल्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई दारात आल्या. हातात पिशवी, पिशवीत तिखटाचा वास. अंबूबाई. डंकावर मिरची कुटून घेऊन कांदा-लसणाची चटणी करायच्या आणि बाजारात विकायच्या.

“लेबलं पायजेत. पन्नास.”

अनुजाने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि रॉक म्हणजे काय, स्वतंत्र म्हणजे काय आणि लेबल म्हणजे काय, हे क्रमाने सांगितलं. अंबूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग पन्नास द्या.”

“आम्ही लेबलं करत नाही. आम्ही लेबल आहोत.”

हे वाक्य अचूक होतं, पण त्याचा उपयोग झाला नाही. अंबूबाईंनी आधी बाहेरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं, मग टेबलावरच्या स्टिकरच्या मशीनकडे, आणि मग गुडघ्यावर हात ठेवून ठाण मांडलं. अनुजाचं कॉलेज साडेदहाला होतं. सव्वादहाला तिने पन्नास लेबलं छापून दिली. रोल कॅसेटचाच होता, त्यामुळे वर ‘अंबूबाईंची चटणी’, खाली कातळ लेबलचा पत्ता आणि कोपऱ्यात आधीच छापलेला कोड, असं ते लेबल झालं.

तोवर ‘पूररेषा’ दिवसाला नऊ वेळा ऐकलं जात होतं. त्यातल्या तीन वेळा अनुजाच्या. दहाव्या दिवशी आकडा दोनशे बारा झाला. अनुजाने आधी मोजणीत चूक आहे का ते तपासलं. चूक नव्हती.

कृष्णातने फोनवर सांगितलं, की पब्लिक जागं झालंय. अनुजाने महिनाभराचा आलेख काढला तेव्हा तिला दिसलं, की पब्लिक फक्त बाजाराच्या दिवशी जागं होतं, तेही सकाळी नऊ ते एक. म्हणून ती रविवारी पिशवी घेऊन बाजारात गेली आणि अंबूबाईंच्या पाटीपासून जरा अंतरावर कोथिंबीर निवडत उभी राहिली.

एका गृहस्थाने चटणीचं पाकीट उचललं, कोपऱ्यातला कोड पाहिला आणि पैसे द्यायला मोबाइल धरला. मोबाइलमधून कृष्णात ओरडला, “थांब!” गाण्याची सुरुवातच तशी होती. गृहस्थ थांबले. मग गिटार सुरू झाली. शेजारची वांगीवाली हसायला लागली.

“दादा, रोख द्या,” अंबूबाई शांतपणे म्हणाल्या. “चटणी वरडती आमची.”

ओरडणारी चटणी, असं नाव पडायला मग वेळ लागला नाही. ज्यांना चटणी नको होती तेही ओरडणं ऐकायला पाकीट घेऊ लागले, आणि अनुजा दर रविवारी अंबूबाईंना नवी लेबलं छापून नेऊन देऊ लागली. जितका मोठा आवाज तितकी तिखट, असं एक शास्त्र बाजारात आपोआप तयार झालं. लग्नाच्या रुखवतात पाकिटं मांडली गेली, चंदगडच्या एसटीने पाहुण्यांकडे गेली. श्रावणापर्यंत ‘पूररेषा’ एकेका दिवशी चार हजार वेळा वाजायला लागलं. अनुजाने दुसरी कॅसेट काढली. कातळ लेबल जोरात होतं, इतकं की एका महाविद्यालयाने स्नेहसंमेलनाला बोलावलं. थ्री फेजने चार गाणी वाजवली आणि पोरांनी खालून चटणी, चटणी असा गजर केला.

“आपण फेमस झालोय का चटणी झालोय?” परत येताना कृष्णातने विचारलं.

अनुजा म्हणाली, की अजून सांगता येत नाही.

कारण दाराचा हिशेब वेगळा होता. ती तो वहीत लिहीत होती. दिवाळीपर्यंत दारात आणखी एक्केचाळीस माणसं आली. लोणच्याच्या लेबलासाठी सतरा, पापडाच्या नऊ, उदबत्तीच्या सहा, औषधी तेलाच्या आठ, आणि एकाला लग्नपत्रिका हवी होती. गाण्यासाठी शून्य. गणपतराव ओसरीवर पेपर वाचत सगळं पाहत असत. प्रत्येक माणूस गेला की पान जरा मोठ्याने उलटत.

दिवाळीनंतर अंबूबाई पुन्हा आल्या. आता त्यांच्या हाताखाली चार बायका होत्या आणि चटणीचे दोन प्रकार होते. योगायोगाने कृष्णातही गिटारची तार बदलत तिथेच बसला होता.

अंबूबाईंचं म्हणणं सरळ होतं. पुण्या-मुंबईकडची माणसं कमी तिखटाची चटणी मागतात. त्या पाकिटावरही हाच ओरडतो, मग लोक घाबरून पाकीट परत ठेवतात. तेव्हा कमी तिखटाला जरा मऊ गाणं द्यावं.

“मऊ म्हंजे?” कृष्णातने विचारलं.

“म्हंजे वरडायचं न्हाय. जरा बासरी-बिसरी.”

कृष्णातने तार खाली ठेवली. “मावशी, दोन हजार एकोणीसला आमच्या घरात छातीइतकं पाणी हुतं. ते गाणं त्याचं हाय. बासरीत कसं सांगू?”

“तसं न्हवं रे. नुसतं चटणीपुरतं.”

“आमच्याकडं मऊ काय न्हाय.”

अंबूबाईंनी अनुजाकडे पाहिलं. अनुजाला आलेख दिसत होता, आणि हो म्हटलं नाही तर तो कुठे जाईल तेही दिसत होतं. पाडव्याला साडेचार महिने होते.

“नाही,” ती म्हणाली. “गाणं आहे तसंच राहील.”

अंबूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशीचा चहा घेतला, तिखटाचं एक पाकीट टेबलावर ठेवलं, आणि पुढच्या आठवड्यात दुसरीकडून रंगीत लेबलं छापून आणली. त्यावर मिरचीचं चित्र होतं आणि कोड पैशांचाच होता.

आलेख जसा चढला होता तसाच उतरला. चार हजार, नऊशे, साठ, बारा. जानेवारीत आकारामला बोलावून अनुजाने बोर्डावर खाली एक ओळ वाढवून घेतली : ‘इथे चटणीची लेबलं मिळत नाहीत.’ ही ओळ मात्र पूर्ण मावली.

“गिऱ्हाईक तोडाय लागलाय,” आकाराम म्हणाला.

“गिऱ्हाईक नव्हतंच ते,” अनुजा म्हणाली, आणि त्याच आठवड्यात तिने तिसरी कॅसेट जाहीर केली. कृष्णातने त्यात पहिल्यापेक्षा जास्त ओरडायचं ठरवलं.

फेब्रुवारीत ऐकणारे चार उरले. अनुजा, कृष्णात, कृष्णातची आई, आणि चंदगडला कुणीतरी एक. हे चंदगडचं कुणीतरी रोज पहाटे पाच चाळीसला ‘पूररेषा’ एकदा ऐकायचं. एकही दिवस चुकला नाही. अनुजा सकाळी उठली की आधी ते पाहायची. पाडव्याच्या आधी आठ दिवस चंदगडही बंद झालं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गणपतरावांनी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासाठी खोली बघायला अमरसिंह नावाच्या तरुणाला बोलावलं. एजंटाने गाठ घालून दिली होती. तो टेप लावून भिंत मोजत होता आणि अनुजा दुसरं टोक धरून उभी होती, कारण तो चुकीचं मोजत होता. तेवढ्यात दारात खाकी कपड्यातल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात स्टीलच्या डब्याचं झाकण.

“कातळ लेबल हेच का?”

अनुजाने सवयीने सांगितलं, की चटणीची लेबलं मिळत नाहीत.

“चटणी नगो,” बाई म्हणाल्या. “गाणं पायजे.”

त्यांचं नाव वर्षाराणी, एसटीत कंडक्टर. पहाटेची पहिली गाडी त्यांची. चटणीचं लेबल त्यांनी डब्याच्या झाकणाला चिकटवलं होतं, आणि गाडी सुटायच्या आधी रोज एकदा ते स्कॅन करायच्या. ‘थांब’ हा शब्द दिवसभर आपल्यालाच म्हणावा लागतो, तो सकाळी दुसऱ्या कुणीतरी म्हटला की बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. पण गेल्या आठवड्यात सुनेने डबा घासणीने घासला. झाकणावर आता पत्ता तेवढा उरला होता, कोडाच्या जागी पांढरं होतं.

अनुजाने टेपचं टोक सोडलं. टेप अमरसिंहच्या बोटावर आपटली.

गणपतराव ओसरीवरून उठून आत आले. अट त्यांच्या लक्षात होती. पण दारात माणूस आलं की त्यांच्या तोंडून जे निघायचं ते निघालंच.

“या पावणं, बसा. कुठलं म्हणायचं?”

“चंदगड.”

“माहेर?”

“नेसरी.”

“नेसरीत कुणाच्यात?”

वर्षाराणींनी सांगितलं. गणपतरावांचा चेहरा खुलला. “म्हंजे आमच्या आत्याच्या जावेची लेक दिलीया, ते घर?”

“काकीच की माझी ती.”

“बघ,” गणपतराव अनुजाकडे वळून म्हणाले. त्यांचा आवाज थोडा नरमला होता, पण नियम तो नियम. “नात्यातलीच निघाली. मी काय करू?”

चार हजार माणसांनी जे केलं नव्हतं ते या बाईंनी केलं होतं, आणि त्या मोजल्या जाणार नव्हत्या, कारण आत्याला जाऊ होती. मग तिच्या लक्षात आलं, की निष्कर्षात दोष नाही, पद्धतीत आहे. आणि पद्धत सगळ्यांना सारखी लावायला हवी.

“आण्णा,” ती म्हणाली, “यांना विचारलंत का?”

अमरसिंह बोट चोखत उभा होता.

“त्यांचं काय विचारायचं? एजंटानं आणलंय.”

“गाव कुठलं तुमचं?” अनुजाने विचारलं.

“इचलकरंजी. पण आजोळ शिरोळ.”

पुढचा प्रश्न अनुजाने विचारलाच नाही. गरज नव्हती. गणपतरावांनी स्वतःला खूप आवरलं. पेपरची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. पण शिरोळ म्हटल्यावर त्यांच्याच्याने राहवेना.

“शिरोळात कुणाच्यात?”

अमरसिंहने मामांचं नाव सांगितलं. गणपतराव खाली बसले. झेरॉक्सवाल्या जावयाचा सख्खा भाचा होता तो.

अमरसिंहला वाटलं, ओळख निघाली म्हणजे भाडं कमी होईल, आणि तो आनंदाने म्हणाला, “मग घरचंच झालं की, आण्णा.”

“व्हय,” गणपतराव क्षीण आवाजात म्हणाले. “घरचंच झालं. म्हणून तर.”

त्यांनी त्याला चहा पाजला, मामांची तब्येत विचारली आणि दारापर्यंत सोडलं. खोली मिळणार नाही हे त्याला कोपऱ्यावर पोचल्यावर कळलं असावं, कारण तिथे तो वळून बोर्डाकडे बघत उभा राहिला. गणपतराव परत येऊन ओसरीवर बसले आणि जिल्ह्यात नात्याबाहेरचं कोण असेल याचा विचार करू लागले. दुपारपर्यंत त्यांना एकही नाव आठवलं नाही.

आत अनुजाने नवा स्टिकर छापून झाकणावर चिकटवला आणि वरून पारदर्शक टेप मारली, म्हणजे घासणीने जाणार नाही. वर्षाराणींनी तिथेच मोबाइल धरून पाहिला. “थांब!” कृष्णात ओरडला. ओसरीवर गणपतराव दचकले.

वर्षाराणींनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि झाकण पिशवीत. मग टेबलावरच्या दुसऱ्या, तिसऱ्या कॅसेटकडे नजर टाकली.

“ह्याच्यापेक्षा तिखट काय हाय का?”

अनुजाने क्षणभर विचार केला. उत्तर अचूक असायला हवं होतं.

“हाय,” ती म्हणाली.