छायाचित्रात हालचाल आढळते

हंबीरराव वस्तादांच्या तालमीत रोज पहाटे कुस्तीचा सराव होतो, हे कोल्हापुरातल्या त्या अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. शासनाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे पैलवानांना दूध-बदामाचा खुराक देणारी योजना आली, तेव्हा तिच्या पाठोपाठ नित्यसराव पडताळणी कक्षही आला. सराव रोज होतो हे रोजच्या छायाचित्रानिशी सिद्ध करावे, असं कक्षानं कळवलं.

वस्तादांचा सगळा जीव अमरसिंहात होता. घरची ओढाताण, अंगानं बेताचा, पण डावाला असा चपळ की समोरच्याला पडल्यावर कळायचं. त्याला खुराक मिळावा आणि आपले गुडघे पार जाण्याआधी त्यानं एकदा कुरुंदवाडच्या मैदानात शेवटची, मानाची कुस्ती मारावी, एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं. त्यापायी त्यांनी जन्मात पहिल्यांदा मोबाइलचा कॅमेरा उघडला.

पहिल्या फोटोत अर्धा वस्तादांचा अंगठा होता आणि उरलेल्या अर्ध्यात दोन तांबूस ढग होते. कक्षाचं उत्तर आलं: ‘छायाचित्रात हालचाल आढळते. सबब अमान्य.’

वस्ताद तडक कक्षात गेले. पडताळणी अधिकारी पारस मगदूम सज्जन माणूस. त्यांनी चहा मागवला.

“साहेब, कुस्ती हाय ती. पोरं हालणारच की!”

“हालू द्या की वस्ताद. हालण्याला शासनाची हरकत न्हाय. फक्त फोटोत हालायचं न्हाय. आणि खालच्या पैलवानाचं तोंड मातीत जातंय. लाभार्थ्याचं तोंड मातीत गेलेलं चालत न्हाय.”

“मग मी काय करू म्हणता?”

“सराव करा. रोज काढत ऱ्हावा, येतंय. सातत्य हाच गुणवत्तेचा पाया, असं परिपत्रकातच हाय.”

उभा जन्म पोरांना ‘रोज मेहनत कर, येतंय’ हेच सांगत आलेल्या माणसाला हे पटलंच. वस्ताद उठले आणि कॅमेऱ्याच्या मेहनतीला लागले.

पहाटे उजेड नसतो, म्हणून सराव आधी आठ वाजता गेला. मग पूर्वेच्या झरोक्यातून तिरीप नेमकी कुस्तीच्या मातीवर, हौद्यावर पडते तेव्हा, म्हणजे नऊला. पूर्वी ढिला पडणाऱ्या पैलवानाच्या पाठीत रट्टा बसायचा, आता हलणाऱ्याच्या बसू लागला. डाव धरायचा आणि श्वास रोखून उभं राहायचं. दोघे जण कडेनं लाल माती उधळायला ठेवले, कारण धुळीत उजेड खुलतो.

“वस्ताद, ह्याला आता पाडू का?” गड्याला खांद्यावर घेऊन अमरसिंह विचारायचा.

“दम धर. ढग सरकू दे.”

ढग सरकेपर्यंत खांद्यावरच्या गड्याची डुलकी काढून व्हायची.

आणि सरावानं फरक पडला, हे खोटं म्हणता येणार नाही. घामाचा थेंब न् थेंब वेगळा दिसू लागला. कक्षानं वस्तादांचे फोटो भिंतीवर लावले, इतर तालमींचे वस्ताद शिकायला येऊ लागले. तालमीत नवी भरती झाली. त्यातल्या कुणाला लंगोट धड बांधता येत नव्हता, पण आपली कोणती बाजू चांगली दिसते ते सगळ्यांना येत होतं. दुधाचे कॅन वेळेवर येत. फोटो झाल्यावर लढत धरायची असं ठरलेलं होतं, पण फोटोनंतर सगळे फोटो बघत बसत.

कुरुंदवाडच्या मैदानात शेवटच्या कुस्तीला अमरसिंहाचं नाव पुकारलं, तेव्हा वस्तादांचे डोळे भरून आले. समोर सीमाभागातला सयाजी होता, धिप्पाड गडी. पण अमरसिंहानं त्याला वर उचलला, खांद्यावर घेतला. धोबीपछाड! आता नुसतं आपटायचं बाकी होतं.

अमरसिंह थांबला.

त्यानं तोंड मावळतीच्या उन्हाकडे वळवलं, श्वास रोखला आणि वस्तादांकडे बघितलं. ‘पाड’ एवढा एक शब्द पुरला असता. वस्तादांचा मोबाइल डोळ्यांसमोर होता.

“हनवटी वर घे!” वस्ताद ओरडले.

पोरानं हनवटी वर घेतली. सयाजीच्या तालमीपर्यंत योजना पोचली नव्हती, त्यामुळे त्याला थांबायची सवय नव्हती. तो खांद्यावरून सरकला, पायांत घुसून पट काढला, आणि अमरसिंहाच्या पाठीला माती लागली.

“बाळासो, काय झालं रं? चीत झाला काय?” मोबाइलमधल्या फोटोवरून नजर वर काढत वस्तादांनी शेजारच्या दोस्ताला विचारलं.

“थांब, शूटिंग मागं घेऊन बघतो,” बाळासो आपल्या मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला.

वस्ताद लंगडत हौद्यात उतरले. अमरसिंह उताणाच पडून होता.

“वस्ताद, आला का फोटो?”

“आला रं पोरा,” म्हातारा म्हणाला आणि तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडला.

त्या फोटोला राज्यात पहिला नंबर मिळाला. सातत्यपूर्ण सरावाचं फलित म्हणून कक्षानं तो सगळीकडे पाठवला. सोनेरी धूळ, खांद्यावर पेललेला गडी, वर झालेली हनवटी: तुमच्याही मोबाइलवर तो येऊन गेलाय. उजेडाबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत, रंगांचं कौतुक केलंत, कॅमेरा कोणता तेही विचारलंत. कुस्ती कुणी मारली, हे एकानंही विचारलं नाही.