सासऱ्यांची कात्रणांची वही

लग्नाला पाच आठवडे झाले तरी सासरे माझ्याशी एकच वाक्य बोलत, "पंखा जरा कमी कर." मी करायची. आमचं नातं तेवढंच. ते वाढावं म्हणून एका दुपारी बाबा झोपल्यावर मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं. (न विचारता. मी फारसं कोणाला काही विचारत नाही. माहेरी याला शांत स्वभाव म्हणतात.)

कपाटात एक जाड वही निघाली. वर बाबांचं पूर्ण नाव, आत वर्तमानपत्रातली कात्रणं, आणि प्रत्येक कात्रणात त्याच नावाखाली लाल रेघ. पहिल्या पानावर त्यांनी सात तास हृदयाची शस्त्रक्रिया केली होती. दुसऱ्यावर खाडी पोहून पार. तिसऱ्यावर बासरी वाजवून सभागृह रडवलं होतं. चौथ्यावर न्यायाधीश म्हणून एका बिल्डरला आत टाकलं होतं.

बाबा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे, एवढंच मला ठाऊक. पण पोहणं पाण्याचंच की! बासरी फावल्या वेळातली. डॉक्टरी आणि कोर्ट जरा अडलं, पण तेही मी कुठेतरी बसवलं. एवढं करून माणूस अवाक्षर बोलत नाही! मला भरून आलं. वही मिटून मी आईला फोन केला.

"अगं, मग रविवारी मामाला घेऊनच येते," आई म्हणाली.

रविवारी आई, मामा, मामाच्या छातीची फाइल आणि दिराशी अकरा वर्षं कोर्टात भांडणारी मावशी (तिची फाइल दुप्पट जाड) दारात हजर. बाबा बनियनवर.

मामाने फाइल थेट त्यांच्या मांडीवर ठेवली. "डॉक्टरसाहेब, कापायचं तर कापा."

"आणि मला तारीख जवळची द्या हो," मावशी म्हणाली.

बाबांनी कार्डिओग्राम उलटसुलट करून पाहिला. "यात आकडा कुठाय?"

नवरा माझ्याकडे वळला. "तू काही बोललीस का?"

माझ्यावर बोलल्याचा आरोप आयुष्यात पहिल्यांदाच होत होता. मी मुकाट्याने वही आणून ठेवली.

नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. "अगं, ही बाबांच्या नावाची दुसरी माणसं! निवृत्त झाल्यापासून जमवतायत ते!"

मामाने फाइल हळूच परत घेतली. बाबा मात्र हसले नाहीत. आता पंख्यापुरतंही बोलणं संपलं, असं मला वाटलं.

"हे सगळं मीच केलं, असं वाटलं तुला?"

मी मान डोलावली.

"एकदाही शंका आली नाही?"

"नाही."

बाबांचा चेहरा एकदम उजळला. "ऐकलंत? आमच्या हिचा तर मला मीटर वाचता येतं यावरही विश्वास नव्हता."

"अजूनही नाही," सासूबाई आतून म्हणाल्या.

बाबांनी मला शेजारी बसवलं आणि चौथ्या पानावर बोट ठेवलं. "न्यायाधीशांचं वय वाच."

"बत्तीस."

"आणि तारीख?"

"गेल्या वर्षीची."

पाच आठवड्यांतलं हे आमचं सगळ्यात मोठं संभाषण. मग त्यांनी मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पानं भराभर पुढे उलटली.

"याच नावाचा डोळ्यांचाही एक डॉक्टर आहे, बाळ. पान सतरा. पत्ता दिलाय, उद्याच जाऊन ये."