आधी धीर, मग गुडघा

सव्वाअकराला पहिलीतल्या एका मुलीचा गुडघा खरचटला आणि घाबरल्या तिच्या बाई. गुडघ्याचं विशेष काही नव्हतं. मुलीने तो स्वतःच नळाखाली धुतला होता. प्रश्न घरी कळवण्याचा होता. गेल्या महिन्यात "तुमचा मुलगा पडला, ओठ फुटलाय" असं बाईंनी एका पालकाला सरळ सांगून टाकलं, तर लेखी तक्रार आली. आणखी एक आली की नोकरी कायम होणं विसरा, असं मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं. शाळेची पद्धत ठरलेली होती: आधी धीर द्यायचा, अवयवाचं नाव शेवटी.

बाईंनी मुलीच्या वडिलांना फोन लावला. मुख्याध्यापिका शेजारी कान देऊन उभ्या राहिल्या.

"नमस्कार. सगळ्यात आधी, अजिबात घाबरू नका."

"का? काय झालं?"

"मुलगी पूर्ण शुद्धीवर आहे."

"म्हणजे? मघाशी नव्हती?"

"होती हो! पहिल्यापासून होती. आम्ही सगळे तिच्याजवळच आहोत. तुम्ही फक्त मन घट्ट..."

फोन कट झाला. बाईंनी परत लावला, तो कुणी उचलला नाही.

सतराव्या मिनिटाला वडील हेल्मेटसकट फाटकातून धावत आत आले. मुलगी व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारत होती. ती दिसताच वडील तीन पायऱ्या एकदम चढायला गेले. चढले दोनच.

घोटा बघता बघता सुजला. वडील आधी ओरडले, मग चक्क रडले.

"अपघाताचा फॉर्म आणा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"त्यात इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक विचारलाय, मॅडम."

"लेकीचा टाका. आणि यांच्या घरी कळवा."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. तेवढ्यात मुलीनेच वडिलांच्या खिशातून फोन काढला. "आई, बाबा शाळेत पडला. पाय सुजलाय. रडतोय. गाडी घेऊन ये."

"आले," आई म्हणाली.

वडिलांनी बाहीने डोळे पुसले. "मी तक्रार करणार आहे! पोरगी उड्या मारतेय आणि मला सांगता मन घट्ट करा?"

बाईंचा चेहरा उतरला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्या मोठ्याने म्हणत लिहू लागल्या, "पालक घाबरून धावत आले. पायरीवर पडले. रडले."

"ओ, थांबा! हा कागद जातो कुठे?"

"एक प्रत तुम्हाला. ऑफिसात रजेसाठी लागेलच ना."

वडिलांनी मान वाकवून 'रडले' हा शब्द वाचला. ऑफिसातली आपल्या हाताखालची बारा माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावीत.

"बाई, हे जरा... वेगळं नाही का लिहिता येणार?"

"येतं की. पण तक्रारीचं काय?"

"कसली तक्रार? कोण करतंय?"

बाईंनी नवा फॉर्म घेतला. मुख्याध्यापिकांनी खुर्ची पुढे ओढून दिली, हे पहिल्यांदाच. पाच मिनिटांत मजकूर तयार झाला: "पालक तत्परतेने शाळेत प्रवेश करत असताना पायरीच्या संपर्कात आले. घोटा वगळता प्रकृती उत्तम."

आई आली. नवऱ्याला एका हाताने उठवत तिने दुसऱ्या हातात तो फॉर्म घेऊन वाचून काढला.

"आणि हे रडले ते?"

"त्याला रकाना नाही," बाई म्हणाल्या.